इतिहासाची साक्ष नाकारून कोणाला वाचवायचे आहे?

न्यायालयाने न्याय करावा आणि इतिहास इतिहासकारांवर सोडावा, असे म्हणण्याची एक रीतच पडून गेली आहे. कायद्याच्या परिसंवादात, वर्तमानपत्रांच्या संपादकीय पानांवर, हेगच्या एखाद्या निकालाची बातमी आली की रंगणाऱ्या चर्चेत हा विचार हमखास डोके वर काढतो. आरोपीने कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणाला मारले किंवा मारायला लावले एवढेच न्यायाधीशाने पाहावे. त्यामागचे जुने वैर, वसाहतवाद, जनगणना, नकाशे, भाषणे हा त्याचा प्रांत नव्हे, असा एकंदर सूर असतो. ऐकायला हे संयमाचे वाटते, म्हणून ते विनातक्रार खपून जाते. मला मात्र ते ऐकताना संताप येतो. या संयमाचा लाभ आजवर कोणाच्या पदरात पडला, हे निकालपत्रे उघडून बसले की लख्ख दिसते.

हा आक्षेप घेणारे सगळेच उथळ नाहीत. त्यात हॅना आरेंट ही विचारवंत आहे. १९६१ साली जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइखमनवर खटला चालला, तेव्हा सरकारी वकील गिडिऑन हाउसनर यांनी सॅलो बॅरन या इतिहासकाराला साक्षीला बोलावले आणि ज्यू समाजाच्या दीर्घ छळाचे चित्र न्यायालयापुढे उभे केले. आरेंटला ते मुळीच पटले नाही. खटला आरोपीच्या कृत्यांचा असतो, एका समाजाच्या यातनांचा नसतो, न्याय देणे यापलीकडे खटल्याचे दुसरे उद्दिष्ट असू नये, अशी तिची भूमिका होती. पुढे १९९७ मध्ये फ्रान्समध्ये नाझींना साथ देणाऱ्या विशी राजवटीतला अधिकारी मोरिस पापाँ याच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा हेन्री रूसो या त्याच राजवटीच्या जाणत्या अभ्यासकाने साक्ष द्यायलाच नकार दिला. आपले काम समजून घेण्याचे आहे, दोष ठरवण्याचे नाही, असे त्याचे म्हणणे. याच मंडळींच्या आधारावर आज पाच गोष्टी पुन्हापुन्हा सांगितल्या जातात. गुन्हा व्यक्तीचा असतो, इतिहास समाजाचा. इतिहासकाराने काही डोळ्यांनी पाहिलेले नसते. कागदपत्रे जेत्याच्या ताब्यात असतात, म्हणून ती जेत्याचीच बाजू सांगतात. इतिहासामुळे खटले वर्षानुवर्षे लांबतात. आणि न्यायालयाने एकदा इतिहास लिहिला की तो सरकारी इतिहास होऊन बसतो.

यातला पहिला आक्षेप बाकी सगळ्यांचा पाया आहे, म्हणून त्याच्याशी सविस्तर झगडायला हवे.

शेजाऱ्याने शेजाऱ्याचा खून केला, तर प्रेत, हत्यार आणि डोळ्यांदेखत पाहणारा एक माणूस एवढ्यावर खटला उभा राहतो. पण ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या वंशसंहारविरोधी करारात गुन्ह्याची व्याख्याच वेगळी आहे. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाचा, तो गट म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नाश करण्याचा हेतू तिथे सिद्ध करावा लागतो. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात नागरी लोकसंख्येवरचा व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला दाखवावा लागतो. आता हा हेतू आणि ही पद्धत शोधायची कुठे? ती हाडांत सापडत नाही आणि बंदुकीच्या गोळीवरही लिहिलेली नसते. ती बैठकांच्या इतिवृत्तांत, भाषणांत, हुकमांत, याद्यांत आणि गावोगाव त्याच क्रमाने घडलेल्या घटनांत असते. हे सगळे काळाच्या ओघात लावून वाचण्याच्या कामालाच आपण इतिहास म्हणतो. तो वजा केला तर हातात काय उरते? सुटे सुटे खून. वंशसंहाराचा आरोप असलेल्या प्रत्येक माणसाला नेमके हेच हवे असते.

रवांडाचे उदाहरण घ्या. जाँ-पॉल आकायेसू हा ताबा नावाच्या कम्यूनचा प्रमुख. २ सप्टेंबर १९९८ रोजी अरुशा येथील रवांडा न्यायाधिकरणाने त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहाराबद्दल दोषी ठरवल्याचा हा पहिला निकाल. न्यायपीठावर सेनेगलचे लाइती कामा, स्वीडनचे लेनार्ट आस्पेग्रेन आणि दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले होत्या. तिघेही रवांडाबाहेरचे. त्यांच्यापुढचा पहिलाच पेच असा होता की तुत्सी हा कायद्याच्या अर्थाने 'गट' आहे का? हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात. धर्म एक, चालीरीती एक, राहायचे एकाच टेकडीवर. करारातल्या व्याख्येच्या चौकटीत तुत्सी बसले नसते, तर काही लाख माणसांची कत्तल होऊनही वंशसंहार झालाच नाही, असे म्हणण्याची पाळी आली असती.

यातून वाट काढली ती इतिहासाने. बेल्जियन सत्तेने १९३० च्या दशकात माणसामाणसाला ओळखपत्र दिले आणि त्यावर हुतू, तुत्सी किंवा त्वा अशी नोंद केली. ती नोंद बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. स्वतंत्र रवांडानेही ती पद्धत मोडली नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये रस्त्यारस्त्यावर अडथळे उभारून माणसांना थांबवले गेले, तेव्हा मागितले गेले ते हेच कार्ड. त्यावरच्या एका शब्दावर माणूस पुढे जायचा किंवा तिथेच मरायचा. ॲलिसन डे फोर्ज या अमेरिकी इतिहासकार बाईंनी हा सगळा प्रवास साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून न्यायाधीशांना समजावून दिला. रवांडाच्या संदर्भात तुत्सी हा स्थिर, जन्मावर ठरणारा गट होता, या निष्कर्षावर न्यायपीठ आले ते अशा पुराव्याच्या बळावर. आकायेसूने काय केले, हे ताबातल्या स्त्रियांनी आणि पुरुषांनी सांगितले. त्या साक्षींवाचून खटला उभाच राहिला नसता. पण त्याने जे केले त्याला कायद्यात काय म्हणायचे, हे त्या बिचाऱ्यांनी कुठून सांगावे? त्या कार्डाचा इतिहास न्यायालयाने ऐकायला नको होता, असे जे म्हणतात त्यांनी एवढेच सांगावे, की त्याविना हा निकाल कसा लिहिला असता?

बोस्नियाकडे वळू. ११ जुलै १९९५ रोजी बोस्नियन सर्बांचा सेनापती राट्को म्लादिच स्रेब्रेनित्सात शिरला आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोलला. हे गाव आपण सर्ब जनतेला भेट देत आहोत, दाहींविरुद्धच्या उठावानंतर आता या भूमीत तुर्कांचा सूड घ्यायची वेळ आली आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. चित्रफीत उपलब्ध आहे, आवाज स्वच्छ आहे. पण हे दाही कोण? १९९५ च्या बोस्नियात तुर्क कुठून आले? दाही म्हणजे बेलग्रेडवर जुलूम करणारे बंडखोर जानिसरी सरदार, आणि त्यांच्याविरुद्ध सर्बांनी उठाव केला तो १८०४ साली. तुर्क म्हणून म्लादिच ज्यांच्याबद्दल बोलत होता, ते त्या क्षणी जवळच पोटोचारीत संयुक्त राष्ट्रांच्या तळाभोवती जीव मुठीत धरून गोळा झालेले बोस्नियन मुसलमान होते. पुढच्या काही दिवसांत स्रेब्रेनित्सातले सात हजारांहून अधिक पुरुष आणि पोरगे मारले गेले. म्लादिचच्या खटल्याला बसलेले न्यायाधीश एक डच, एक दक्षिण आफ्रिकी आणि एक जर्मन. दोनशे वर्षांपूर्वीचा संदर्भ आरोपीने स्वतःच्या तोंडाने दिलेला, तो उलगडून सांगणारा माणूस न्यायालयात नको, असे म्हणायचे? इतिहास तिथे फिर्यादी पक्षाने ओढून आणलेला नव्हता. तो मारेकऱ्याच्या तोंडी होता.

याच म्लादिचविषयीचा दुसरा कागद मला त्याहूनही भयंकर वाटतो. १२ मे १९९२ रोजी बान्या लुकात बोस्नियन सर्बांच्या विधानसभेची बैठक भरली. त्यांचा नेता राडोव्हान काराजिच याने तिथे सहा 'सामरिक उद्दिष्टे' मांडली. पहिले उद्दिष्ट इतर दोन समाजांपासून फारकत घेण्याचे, आणखी एक ड्रिना नदी ही सर्बांमधली सीमा म्हणून पुसून टाकण्याचे. स्रेब्रेनित्सा याच ड्रिनाच्या खोऱ्यात येते. त्याच बैठकीत म्लादिच लष्करप्रमुख नेमला गेला, आणि त्याच बैठकीत तो बोलायला उभा राहिला. माणसे म्हणजे खिशातल्या किल्ल्या नव्हेत की इथून उचलून तिथे ठेवाव्यात, असे केले तर तो वंशसंहार ठरेल आणि जगाला ते कसे समजावणार, अशा अर्थाचे त्याचे बोलणे लघुलेखकाने टिपून ठेवले आहे. म्हणजे आपण ज्या वाटेला लागतो आहोत तिचे नाव काय, हे त्या माणसाला तीन वर्षे आधी माहीत होते, आणि तरी तो त्या वाटेने गेला. रॉबर्ट डोनिया या इतिहासकाराने या विधानसभेच्या इतिवृत्तांतून उतारे निवडून, संदर्भ लावून ते न्यायालयापुढे ठेवले. हेतूचा याहून उघड पुरावा शोधून तरी सापडेल का? असे इतिवृत्त दप्तरखान्यात पडू द्यावे आणि न्यायालयाने फक्त कोणत्या शेतात किती गोळ्या झाडल्या ते मोजत बसावे, हा कसला संयम?

इथेच दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही येऊन जाते. इतिहासकाराने काही पाहिलेले नसते म्हणे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनेही खून पाहिलेला नसतो, हस्ताक्षरतज्ज्ञानेही सही होताना पाहिलेली नसते. त्यांची साक्ष आपण निमूट घेतो. उलट ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला किती दिसते? द्राजेन एर्देमोविच हा स्रेब्रेनित्साच्या मारेकऱ्यांपैकी एक. त्याने स्वतःहून कबुली दिली. ब्रान्येवोच्या शेतावर एका दिवसात सुमारे बाराशे माणसे मारली गेल्याचे त्याने सांगितले. त्याची साक्ष अनमोल आहे, पण त्याला ठाऊक होते ते मुख्यतः त्या शेताच्या परिसरापुरते. हुकूम कुठून सुटला आणि त्याच दिवसांत बाकीच्या ठिकाणी काय चालले होते, हे त्याने कसे सांगावे?

फ्रँकफर्टला १९६३ ते १९६५ या काळात आउश्वित्झच्या पहारेकऱ्यांवर खटला चालला. ते न्यायालय आंतरराष्ट्रीय नव्हते, पण या वादात ते टाळून पुढे जाता येत नाही. आरोपींचा ठरलेला बचाव असा, की हुकूम पाळला नसता तर आम्हालाच गोळी घातली असती. म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेच्या हान्स बुखहाइम, मार्टिन ब्रोशाट, हेल्मुट क्राउसनिक अशा अभ्यासकांनी नाझींच्या एसएस दलाची कागदपत्रे आणि तिच्या शिस्तभंगाच्या कारवाया धुंडाळल्या. निःशस्त्र माणसांना मारायला नकार दिला म्हणून एखाद्या एसएसवाल्याचा जीव गेल्याचे एकही प्रकरण सापडले नाही. बचावाचा तो खांबच निखळला. कोणता प्रत्यक्षदर्शी हे सांगू शकला असता? एका कैद्याला आपल्या बराकीतला पहारेकरी माहीत. 'असे कधीच घडले नाही' हे सांगायला संपूर्ण दप्तर वाचलेला माणूसच लागतो.

आणि ही माणसे पिंजऱ्यात येऊन व्याख्यान झोडून निघून जातात, अशी कोणाची समजूत असेल तर तीही चुकीची आहे. हार्वर्डमधले ग्रंथपाल आंद्रास रीडलमायर यांनी कोसोव्होतल्या उद्ध्वस्त मशिदी आणि ग्रंथालये गावोगाव फिरून पाहिली, छायाचित्रे घेतली, जुन्या छायाचित्रांशी ती ताडून पाहिली. २००२ मध्ये ते हेगला साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांची उलटतपासणी खुद्द आरोपीने, सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविचने केली. ही पडझड नाटोच्या बाँबहल्ल्यांची आहे, असा त्याचा रोख. रीडलमायर एकेक इमारत घेऊन उत्तर देत राहिले. कुठल्या विद्यापीठात, कुठल्या ग्रंथपरीक्षणात इतिहासकाराच्या विधानाची अशी कसोटी लागते? ज्याच्यावर आरोप आहे तोच समोर उभा राहून प्रत्येक वाक्याचा जाब विचारतो आणि शपथेवर उत्तर द्यावे लागते. रूसोसारख्यांना ही कसोटी नकोशी वाटते, ती त्यांची निवड आहे. पण तिला इतिहासाचा अपमान म्हणू नये.

आता जेत्याच्या कागदांचा मुद्दा. हा आपल्याकडे विशेष लाडका आहे, कारण त्याच्यासोबत न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे नाव घेता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी पाल एकटे असे, की ज्यांनी सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त करावे असे म्हटले. त्यांचे भिन्नमतपत्र हजाराहून अधिक पानांचे आहे. पण ती पाने कशाने भरली आहेत? आशियातल्या पाश्चात्त्य वसाहतवादाने, जपानच्या परराष्ट्र धोरणाच्या वळणांनी, हिरोशिमावर अणुबाँब टाकण्याच्या निर्णयाने. इतिहास न्यायालयाबाहेर ठेवला असता तर पालांना भिन्नमत लिहिताच आले नसते. सत्तेच्या बाजूने उभ्या केलेल्या कथनाला त्यांनी त्याहून मोठा इतिहास पुढे करून आव्हान दिले. शिवाय जपानी सैन्याने नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे, हेही त्यांनी त्याच भिन्नमतात नोंदवले. पुढे २००५ मध्ये टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात पालांचे स्मारक उभे राहिले. ते उभारणाऱ्यांना त्यांचे हे वाक्य नको होते. पालांचा अर्धा भाग कापून घेणाऱ्या आपल्याकडच्या वक्त्यांनाही ते नको असते.

जेत्याचा कागद जेत्यावरच कसा उलटतो, हे न्यूरेंबर्गमध्ये दिसले. जर्मन नौदलप्रमुख कार्ल ड्योनिट्झवर निर्बंध धुडकावून पाणबुडीयुद्ध केल्याचा आरोप होता. त्याच्या वकिलाने, ओट्टो क्रान्झब्यूलरने, अमेरिकेचे ॲडमिरल चेस्टर निमिट्झ यांना लेखी प्रश्न पाठवण्याची परवानगी मिळवली. निमिट्झ यांनी उत्तर दिले की प्रशांत महासागरात अमेरिकेनेही युद्धाच्या पहिल्या दिवसापासून तसेच अनिर्बंध पाणबुडीयुद्ध केले. परिणाम असा झाला की ड्योनिट्झला दहा वर्षांची शिक्षा झाली खरी, पण पाणबुडीयुद्धाचे नियम मोडल्याबद्दल तिच्यात भर घातली गेली नाही. आणि कातिन? पोलिश अधिकाऱ्यांच्या कत्तलीचा दोष सोव्हिएत फिर्यादी पक्षाने जर्मनांच्या माथी मारला. अकरा हजार हा आकडा आरोपपत्रात घातला. जुलै १९४६ मध्ये दोन्ही बाजूंचे साक्षीदार तपासले गेले, आणि निकालपत्रात कातिनचा उल्लेखसुद्धा आला नाही. ती कत्तल आपल्याच गुप्त पोलिसांनी केली, हे मॉस्कोने १९९० मध्ये मान्य केले. न्यायाधीशांनी त्या खोट्याला खोटे म्हटले नाही, हा भित्रेपणा होता आणि त्याबद्दल त्यांना दोष दिलाच पाहिजे. पण जेत्याने लिहून आणलेला इतिहास जेत्याच्याच न्यायालयात टिकला नाही, हेही त्याच नोंदीत आहे.

मराठी वाचकाला तर हे वेगळे समजावून सांगायला नको. १८९८ पासून राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापली, तेव्हापासून बखर आणि अस्सल कागद यांतला फरक आपल्याकडे अभ्यासाला बसलेल्या प्रत्येकाला शिकवला गेला आहे. कागद कोणाच्या हातचा, केव्हाचा, कोणासाठी लिहिलेला, कोणाच्या दप्तरात सापडला, हे विचारूनच तो मानायचा. न्यायालय वेगळे काय करते? कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या, म्हणजे एस-२१ मधल्या, कबुलीजबाबांचे ढीग सापडले. ते छळ करून लिहवून घेतलेले. छळाने मिळवलेले निवेदन त्यातल्या मजकुराचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे आंतरराष्ट्रीय करार सांगतो, आणि कंबोडियाच्या न्यायपीठाने ते तत्त्व पाळले. कैद्याने छळाखाली जे 'कबूल' केले ते खरे मानायचे नाही. पण त्याच कागदाच्या समासात तुरुंगाचा प्रमुख डुक याने स्वतःच्या हाताने शेरे लिहिलेले होते. ते शेरे मात्र त्याच्याविरुद्ध बोलतात, कारण त्याने ते वाचले होते, त्याला ठाऊक होते, हे त्यांतून कळते. एकाच पानावरचा मधला मजकूर बाजूला ठेवायचा आणि कडेची ओळ घ्यायची! एवढ्या काटेकोरपणाला 'न्यायालयाने इतिहासात केलेली लुडबुड' म्हणायचे का? २०१० च्या निकालात एस-२१ मध्ये किमान १२,२७२ माणसांचा बळी गेल्याचे न्यायपीठाने नमूद केले. 'किमान' हा शब्दही त्याच शिस्तीतून आलेला आहे.

कागद खरोखर निरुपयोगी असते, तर ते नष्ट करायला इतकी धावपळ कोणी केली असती? ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीचा निर्णय होताच जपानी लष्कराने आणि मंत्रालयांनी दप्तरे जाळायला घेतली. जर्मनांनी १९४२ पासून पूर्वेकडे सामूहिक थडगी उकरून प्रेते जाळण्यासाठी स्वतंत्र पथके नेमली. स्रेब्रेनित्साची प्रेते सप्टेंबर-ऑक्टोबर १९९५ मध्ये यंत्रांनी उकरून दूरदूरच्या नव्या खड्ड्यांत नेऊन टाकली गेली. त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी सापडली, आणि माती, परागकण, काडतुसे जुळवून तपास करणाऱ्यांना कोणता खड्डा कोणत्या खड्ड्यातून आला हे शोधावे लागले. गुन्हेगारांना ऐतिहासिक पुराव्याची किंमत कळते. ती कळत नाही ती आपल्या संयमी टीकाकारांना.

इतिहासामुळे खटले लांबतात, याला मी फार जागा देणार नाही. मिलोशेविचचा खटला फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाला आणि ११ मार्च २००६ रोजी निकालाआधीच तो कोठडीत मेला, हे या मुद्द्याचे आवडते उदाहरण. पण तीन युद्धांची तीन आरोपपत्रे एकत्र करून ६६ आरोप एकाच खटल्यात घातले गेले, आरोपीने वकील नाकारून स्वतः बचाव केला आणि त्याच्या आजारपणामुळे कामकाज वारंवार थांबले. याचे खापर दोन-चार इतिहासकारांच्या डोक्यावर फोडणे हा शुद्ध अन्याय आहे. इतिहास सिद्ध झाला की पुढचे काम उलट हलके होते. २००६ मध्ये रवांडा न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने कारेमेरा खटल्यात ठरवले, की १९९४ मध्ये रवांडात तुत्सींचा वंशसंहार झाला ही सर्वज्ञात वस्तुस्थिती आहे आणि ती प्रत्येक खटल्यात नव्याने सिद्ध करायला नको. काही निकालपत्रे गरजेपेक्षा फार मागे जातात, मध्ययुगापासून सुरुवात करतात, एवढे मी मान्य करतो. संपादकाने तिथे कात्री लावावी.

सरकारी इतिहासाची भीतीही अशीच पोकळ आहे. थिओनेस्ट बागोसोरा याला रवांडाच्या वंशसंहाराचा सूत्रधार म्हणून जग ओळखत होते. डे फोर्ज बाईंनी त्या खटल्यातही साक्ष दिली. तरी डिसेंबर २००८ च्या निकालात न्यायपीठाने त्याला वंशसंहारासाठी दोषी धरले, आणि ७ एप्रिल १९९४ पूर्वी रचलेल्या कटाच्या आरोपातून मात्र सोडले. शस्त्रे, याद्या, प्रशिक्षण या तयारीचे युद्धाच्या संदर्भात दुसरेही वाजवी स्पष्टीकरण संभवते आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हे त्यामागचे कारण. अभ्यासकांना हा निष्कर्ष अजून खटकतो आणि ते त्यावर वाद घालत आहेत. ज्या न्यायालयाने इतिहासकाराचे म्हणणे ऐकूनही ते पुरेसे मानले नाही, ते इतिहासाचा मक्ता घेऊन बसले आहे असे कसे म्हणता येईल? आणि इतिहासाची मोडतोड कोण करते हेही त्याच अरुशाने दाखवले. द्वेष पसरवणाऱ्या आरटीएलएम या रेडिओच्या संस्थापकांपैकी फर्डिनांड नाहिमाना हा व्यवसायाने इतिहासाचा प्राध्यापक होता. अपिलात त्याची जन्मठेप तीस वर्षांवर आली. न्यायाधिकरणाचे अधिकारक्षेत्र १९९४ या एका वर्षापुरते होते, म्हणून आधीच्या वर्षांतल्या लिखाणासाठी शिक्षा देता येत नाही, पण संदर्भ आणि सातत्य दाखवण्यासाठी तो पुरावा जरूर घेता येतो, असे अपील पीठाने स्पष्ट केले. शिक्षेची मर्यादा आणि पुराव्याची मर्यादा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आरेंटच्या युक्तिवादात नेमके हेच अंतर बुजले.

कागदाचे बळ दाखवणारे आणखी एक उदाहरण. २००१ मध्ये चाडची राजधानी एन्जामेना इथे माजी हुकूमशहा हिसेन हब्रे याच्या गुप्त पोलिसांच्या जुन्या कचेरीत हजारो कागद जमिनीवर विखुरलेले सापडले. त्यांतून १,२०८ मृतांची नावे निघाली. रेड क्रॉसने काही युद्धकैद्यांना रुग्णालयात हलवण्याची विनंती केली होती. तिच्यावर, यापुढे एकही कैदी मेल्याशिवाय कोठडीबाहेर पडणार नाही, अशा अर्थाचा शेरा हाताने लिहिलेला होता. हस्ताक्षरतज्ज्ञाने ते अक्षर हब्रेचे असल्याचे डाकारच्या न्यायपीठापुढे सांगितले. मला काहीच माहीत नव्हते म्हणायला मग जागा उरली नाही. ३० मे २०१६ रोजी त्याला जन्मठेप झाली, सत्ता गेल्यानंतर पंचवीस वर्षांनी. इतक्या वर्षांत साक्षीदार म्हातारे होतात, मरतात, घाबरतात, विकले जातात. कागद तिथेच पडून होता, वाचणाऱ्याची वाट पाहत.

म्हणून मी हट्टाने म्हणतो, की आंतरराष्ट्रीय फौजदारी खटल्यात इतिहास ही सोबतीला आणलेली सजावट नाही. गुन्ह्याचे नाव, गुन्ह्याचा हेतू आणि हुकमाची साखळी या तिन्ही गोष्टी त्याच्यावर उभ्या आहेत. तो काढून घ्या, मग शेतावरचा बंदूकधारी सापडेल आणि बान्या लुकातला वक्ता सुटेल.

हा वाद जुन्या खटल्यांपुरता नाही. म्यानमारविषयीचा पुरावा गोळा करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०१८ मध्ये स्वतंत्र यंत्रणा नेमली. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तपासाला परवानगी दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या अभियोक्त्याने तेव्हा सेनाप्रमुख असलेल्या मिन आँग ह्लाइंग याच्या अटकेचे वॉरंट मागितले. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधले सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून गेले. पण त्यांना परके ठरवण्याचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना देशाच्या मान्यताप्राप्त जमातींबाहेर टाकले, २०१४ च्या जनगणनेत रोहिंग्या म्हणून नोंद करायला मनाई झाली, २०१५ मध्ये त्यांची तात्पुरती ओळखपत्रेही रद्द झाली. उद्या हा खटला उभा राहील, तेव्हा बचाव पक्षाचा पहिला युक्तिवाद हाच असेल, की २०१७ मध्ये काही चौक्यांवर हल्ले झाले आणि सैन्याने कारवाई केली, मागचे कशाला काढता? त्या दिवशी न्यायाधीशांसमोर १९८२ चा कायदा, जनगणनेचे आदेश आणि रद्द झालेली ती कार्डे ठेवणारा इतिहासकार उभा असलाच पाहिजे, आणि त्याची साक्ष पूर्ण ऐकली गेली पाहिजे.